तुझी इच्छा असेल तर

देवाशी मी मराठीत बोलते. त्याला इलाज नाही. खानापूरजवळच्या खेड्यात जन्मले, बेळगावच्या मिशन शाळेत सातवीपर्यंत शिकले, आणि तिथं पाळकसाहेबांनी प्रार्थना करायला शिकवलं ते मराठीतच. बंगळूरला येऊन आयुष्य गेलं, पण कानडी बाजारापुरतं येतं, तेही हुबळीकडचं. ते ऐकून इथल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. इंग्रजीत ‘यस डॉक्टर’ आणि ‘नो डॉक्टर’ एवढं येतं आणि नोकरी टिकवायला तेवढं पुरतं. देवापुढं उभी राहिले की मात्र तोंडातून मराठीच येतं.

नोकरी बायबलबाईची. कँटोन्मेंटमधल्या एका मिशन हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात. नर्स औषध देते, आया फरशी पुसते आणि बायबलबाई खाटेशी बसून विचारपूस करते. ज्या बाईचं ऑपरेशन असेल तिच्यासाठी आदल्या संध्याकाळी प्रार्थना करायची, धर्म कुठलाही असो. मुसलमान बायका ओंजळ पसरायच्या, हिंदू बायका हात जोडून मनात आपापल्या देवाचं नाव घ्यायच्या. कुणी नको म्हटलेलं मला आठवत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस कुठल्याच देवाला नाही म्हणत नाही.

प्रार्थना मोठ्यानं करायची. मनातल्या मनात केली तर बायकांना वाटायचं, हिनं काही केलंच नाही. आणि आजाराचं नाव घेऊन करायची, ही पाळकसाहेबांची शिकवण. “वैद्यापुढं आणि देवापुढं आडपडदा नको, तानू,” ते म्हणायचे. अडचण अशी की आमच्या वॉर्डात एका आजाराचं नाव घ्यायला बंदी होती. कॅन्सर हा शब्द मोठ्या डॉक्टरबाई घरच्या पुरुषाला खोलीत बोलावून, दार लावून सांगायच्या. पेशंटला सांगायचं, गाठ आहे. नाव कळलं की बाई घाबरून पळून जाते आणि घरी जाऊन मरते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, तशा गेलेल्या दोघी मी पाहिल्या होत्या. मला मात्र त्या सगळं सांगायच्या, प्रार्थनेला लागतं म्हणून. मग मी पेशंटला कानडीत गाठ म्हणायची आणि देवाला मराठीत खरं सांगायची. वॉर्डात मराठी येत होतं कुणाला? दहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. दिवसभर सगळ्यांशी गोड बोलून जीव आंबून जायचा, संध्याकाळी देवाजवळ तरी खरं बोलता यायचं.

सत्तावन्न सालच्या ऑगस्टात वसुमती आली. बसवनगुडीची, तेवीस वर्षांची, दहा महिन्यांची मुलगी घरी ठेवून आलेली. नवरा प्राणेश शाळेत गणित शिकवायचा. कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ, काळी टोपी, बोलणं हळू. मूल अंगावर पीत असताना तिच्या डाव्या छातीत गाठ लागली होती. घरच्यांना वाटलं, दूध साकळलंय. सासूनं चार महिने लेप लावले. लेपानं बरी व्हायची ती गाठ नव्हती.

घरून डबा यायचा, पाण्याचा तांब्याही घरून यायचा, आमच्या हॉस्पिटलचं पाणी तिला चालत नव्हतं. मला त्याचा राग नाही आला. नवी सून दिसते, सासूचा धाक असेल म्हटलं. बोलायची ती कानडीत, अगदी बंगळुरी. माझं कानडी ऐकून दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “अक्का, तुम्ही हुबळीकडच्या का? आमच्या गल्लीत एक मिरचीवाली अशीच बोलते.” मी म्हटलं, मिरचीच विकते मी, पण देवाच्या नावानं. ती हसली. हसताना डावा हात छातीवर दाबून धरायची.

डॉक्टरबाईंनी प्राणेशला खोलीत बोलावलं तेव्हा मी व्हरांड्यात होते. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, नळाखाली तोंड धरलं, बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग टोपी नीट केली, आत गेला आणि नर्सलाही ऐकू जाईल असं कानडीत म्हणाला, “गळू आहे. चिरून टाकतील. आठवड्यात घरी.” नर्सनं मान हलवली. मी मागोमाग आत आले होते, मीही हलवली. ती आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि ‘सरी’ म्हणाली, म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहाचे पेले उचलून झाल्यावर मी तिच्या खाटेशी गेले. प्राणेश निघून गेला होता. मी नेहमीप्रमाणं कानडीत विचारलं, उद्या सकाळी तुझं आहे, देवाजवळ मागू का? तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मी खाटेच्या कडेवर हात ठेवून सुरुवात केली.

“हे दयाळू बापा, ही तुझी लेक वसुमती. हिला कॅन्सर झालाय. हिला ते ठाऊक नाही. हिच्या नवऱ्याला ठाऊक आहे. तो गळू म्हणून खोटं बोलला, त्याला क्षमा कर, बिचारा नळाखाली तोंड धुऊन मग बोलला. उद्या डॉक्टरबाई हिचा डावा स्तन काढतील, काखेपर्यंत सगळं. त्यांचा हात धर. चार महिने उशीर झालाय, अर्धीच आशा आहे म्हणतात. भूल उतरल्यावर ही छातीकडं बघेल तेव्हा तू जवळ राहा. बापा, तुझी इच्छा असेल तर हिला वाचव. तुझ्या इच्छेत नसेल तर त्रास न होता ने. येशूच्या नावानं मागते. आमेन.”

डोळे उघडले तर ती माझ्याकडंच बघत होती.

“अर्धी आशा म्हणजे केवढी, अक्का?”

हे ती मराठीत म्हणाली. खाटेची लोखंडी कड धरून मी कशीबशी स्टुलावर बसले आणि जगातला सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला, “तुला मराठी येतं?”

“आमच्या घरात तेच बोलतात. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो म्हणे आम्ही. घराबाहेर कुणाशी बोलायचं म्हणून बोलत नाही, एवढंच.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “त्या कोपऱ्यातल्या म्हातारीसाठी तुम्ही परवा मागितलंत ते ऐकलं मी. तिला सगळे सांगतात की पोटात वायू धरलाय. तुम्ही देवाला वेगळंच सांगत होता. तेव्हाच ठरवलं, आपण बोलायचं नाही. आपली पाळी येईल तेव्हा कळेल.”

मी थक्क झाले. साऱ्या हॉस्पिटलनं मिळून जिला फसवायचं ठरवलं होतं तिनं दोन दिवस गप्प बसून आम्हालाच फसवलं होतं. पण तिची ती हुशारी तिलाच महागात पडली. बोलता बोलता तिचे दात वाजायला लागले. ऑगस्टातली बंगळुरची संध्याकाळ गार असते, पण एवढी नाही. तिनं स्वतःच तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, अर्धं चादरीवर सांडलं. मी हॉस्पिटलचा भरलेला पेला पुढं केला तर तो तिनं घेतला नाही. भीती कितीही मोठी असो, सोवळं तिच्याहून जुनं.

“मला घरी जायचंय,” ती म्हणाली आणि खाटेवरून उतरून पिशवीत लुगडी कोंबायला लागली. “शेवटची बस आहे अजून. पोरीला बघायचंय.”

“गेलीस तर मरशील,” मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

“राहिले तर?”

चादरीवर सांडलेलं पाणी मी पदरानं टिपायला लागले.

“सांगा की. देवाला सांगता तेवढं तरी मला सांगा.”

“राहिलीस तर अर्धी आशा. डॉक्टरबाई खोटी आशा देत नाहीत. अर्धी म्हणजे त्यांच्या तोंडून पुष्कळ झाली, बाळ.”

ती पिशवी धरून खाटेवर बसली. मला वाटलं, वळली. पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं.

“ते शेवटचं कशाला म्हणालात?” तिनं विचारलं. “त्रास न होता ने, म्हणून. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“तसं म्हणतातच ग. आपलं मागणं मागायचं आणि त्याच्या इच्छेवर सोपवायचं.”

“राघवेंद्रस्वामींना नवस बोलताना कुणी म्हणतं का, नाही दिलंत तरी चालेल म्हणून?” आता तिचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. “उद्या मला भूल देतील. मी मेल्यासारखी पडून राहणार, हात हलवता येणार नाही, नको म्हणता येणार नाही. आणि तुम्ही आजच त्याला सांगून ठेवलंत, न्यायचं तर ने! ते परत घ्या, अक्का. ते काढून टाका आणि पुन्हा मागा. नाहीतर मी त्या टेबलावर झोपणार नाही. खरंच नाही झोपणार.”

शिकलेला पाळक असता तर त्यानं तिला समजावलं असतं, की देव काही आपल्या परवानगीची वाट बघत बसत नाही. मलाही ते ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांत ती भीती मला स्वच्छ दिसत होती. दार कुणीतरी आतून उघडं ठेवलंय आणि आपण झोपणार आहोत, असं तिला वाटत होतं. ती म्हणत होती ते साधं होतं, एक वाक्य सोडून पुन्हा मागा. आणि मला ते जमेना.

“सकाळी मागते,” मी म्हटलं. “तू जाऊ नकोस. सकाळी येते मी.”

“सकाळी नाही मागितलंत तर मी जाईन.”

तिथून मी थेट डॉक्टरबाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, वॉर्डाला कान असतात. डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग मोडक्या कानडीत म्हणाल्या, “उद्या सकाळी ती टेबलावर नसेल तर परवा तुम्ही इथं नसाल.” मी म्हटलं, यस डॉक्टर.

रात्री झोप लागली नाही. त्याचं वर्णन करत नाही, झोप न लागणं सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरीची भीती होतीच. विधवा बाई, पन्नाशी आलेली, जाणार कुठं? पण ती भीती खालच्या पायरीवर होती. वरच्या पायरीवर बसवंत होता.

बसवंत माझा नवरा. लग्नाला पाच वर्षं झाली होती, त्याला विषमज्वर झाला. तीन दिवस मी त्याच्या उशाशी गुडघ्यावर होते. तेव्हा मी असलं ‘तुझी इच्छा असेल तर’ काही म्हटलं नव्हतं. मी म्हणत होते, दे. मला दे. मला तो हवाय, दे. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. माती दिल्यानंतर पाळकसाहेब जवळ बसले आणि मायेनंच म्हणाले, “तू मागत नव्हतीस, तानू. तू हुकूम सोडत होतीस.” त्या दिवसापासून बावीस वर्षांत मी ते वाक्य एकदाही सोडलं नाही. कुणासाठी मागितलं की शेवटी ते म्हणायचंच. लोकांना ती माझी नम्रता वाटायची. मलाही वाटायची. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की ती नम्रता नव्हती. मी घाबरत होते. हरायचंच आहे असं आधीच कबूल करून ठेवलं की हरल्यावर लागत नाही. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकींवर पाणी सोडून ठेवत होते, माझं मन जपायला.

आणि हे कळूनही भीती गेली नाही. उलट वाढली. मी पुन्हा हुकूम सोडला आणि पुन्हा तेच झालं तर? बसवंतचं दुःख माझं एकटीचं होतं. ही तर कुणाची तरी आई होती.

सकाळी साडेसहाला वॉर्डात गेले. जिना चढताना मनात एकच, खाट रिकामी असली तर! खाट रिकामी नव्हती. हॉस्पिटलचा पांढरा झगा घालून, केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून ती बसली होती. डोळे सुजलेले. शेजारी प्राणेश उभा होता, पहिल्या बसनं आलेला, राघवेंद्रस्वामींच्या मठातल्या मंत्राक्षता कागदाच्या पुडीत घेऊन. त्यानं त्या तिच्या डोक्यावर टाकल्या आणि हसायचा प्रयत्न केला. “छोटंसं तर आहे,” तो कानडीत म्हणाला. “गळूला काय घाबरायचं?”

ती त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, “मागा, अक्का.”

प्राणेश चमकला. मी डोळे मिटले. खाटेची कड दोन्ही हातांनी धरली.

“बापा,” मी म्हटलं, “काल शेवटी जे म्हणाले ते मी परत घेते. हिला कॅन्सर आहे आणि हिला वाचव. तुझी इच्छा काय ते आज मी विचारत नाही. ही मला हवी आहे. हिच्या मुलीला हवी आहे. हिच्या नवऱ्याला हवी आहे, हा बघ, इथं उभा आहे. बसवंतला नेलंस तेव्हा मी गप्प बसले. आज बसणार नाही. ही झोपेल तेव्हा तिच्या वतीनं मी नको म्हणतेय. नेऊ नकोस. येशूच्या नावानं मागते. आमेन.”

डोळे उघडले तेव्हा प्राणेशचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही मराठी येत होतं, येणारच. कॅन्सर हा शब्द त्यानं बायकोसमोर माझ्या तोंडून ऐकला होता. “वसू,” तो म्हणाला.

“मला कळलंय.”

तो तिथंच खाटेच्या पायाशी फरशीवर बसला. गणिताचा मास्तर, काळी टोपी, परक्या बायकांनी भरलेला वॉर्ड. “मला फार भीती वाटते, वसू,” तो मराठीत म्हणाला. “दोन दिवस मी नुसता हसतोय.”

“मला पण वाटते. रात्रभर मी एकटीच घाबरत होते.” तिनं हात पुढं करून त्याची टोपी सरळ केली. “आता स्वल्प दोघं मिळून घाबरू.”

मग नर्स स्ट्रेचर घेऊन आली. “सरी, चला,” वसुमती म्हणाली आणि आपल्या पायांनी उतरून त्यावर आडवी झाली. ऑपरेशन थिएटरचं दार बंद होईपर्यंत ती मान वळवून आमच्याकडं बघत होती.

बाहेर एकच बाक होता. एका टोकाला प्राणेश, एका टोकाला मी, मध्ये एका माणसाची जागा. त्याचे ओठ त्याच्या मंत्रात हलत होते, माझे माझ्या. आठ वाजले, नऊ वाजले. मध्येच त्यानं विचारलं, “अक्का, ती वाचेल ना?” एरवी मी म्हटलं असतं, देवाची इच्छा. किती सोयीचं उत्तर होतं ते! त्या दिवशी ते माझ्याजवळ नव्हतं. मी म्हटलं, “ठाऊक नाही, अण्णा. मला पण तुमच्याइतकीच भीती वाटते.” त्यानं मान हलवली. त्याला माझा राग आला नाही, बरंच वाटलं असावं.

साडेनऊच्या सुमारास दार उघडलं आणि एक नर्स पळत बाहेर आली. आमच्याकडं न बघता जिना उतरली, दोन बाटल्या घेऊन पळतच वर आली आणि आत गेली. दार बंद. मी त्या हॉस्पिटलात दहा वर्षं काढली होती, नर्स पळते तेव्हा काय होतं ते मला ठाऊक होतं. झालं, मनात आलं, पुन्हा हट्ट केलास, पुन्हा तेच. आणि ते वाक्य जिभेवर आलं. देवाशपथ सांगते, अगदी टोकावर आलं. तुझी इच्छा असेल तर. म्हणून टाकावं, अजून वेळ आहे, म्हटलं तर निदान नंतर कुणी म्हणणार नाही की तू हुकूम सोडलास. पण ती आत भूल घेऊन पडली होती, तिला नको म्हणता येत नव्हतं, आणि तिच्या वतीनं नको म्हणायचं काम मी सकाळीच अंगावर घेतलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरला. प्राणेश बघत राहिला. बघू दे म्हटलं.

सव्वादहाला डॉक्टरबाई बाहेर आल्या. बाह्यांवर रक्त होतं, चेहरा ओढलेला. प्राणेशला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. “जिवंत आहे. मध्येच रक्तदाब फार उतरला होता. सगळं काढलं, दिसत होतं तेवढं. आता एक्स-रेचा शेक देऊ, मग पाच वर्षं वाट बघायची.” दोन पावलं गेल्या आणि थांबून म्हणाल्या, “उद्या कामावर या.”

बाराव्या दिवशी प्राणेश मुलीला घेऊन आला. वॉर्डात लहान मुलांना मनाई, म्हणून वसुमतीला धरून मी व्हरांड्यात आणलं. खाटेपासून तिथपर्यंत वीस पावलं नसतील, पण ती तीनदा थांबली. टाके काढताना हूं की चूं केलं नव्हतं तिनं, आणि आता स्वतःच्या पोरीला भेटायला घाबरत होती. “ती शोधेल, अक्का,” म्हणत होती. “मी काय सांगू तिला?”

मुलगी बापाच्या कडेवरून झेपावलीच. मी तिला खालून आधार देऊन आईच्या उजव्या अंगाला धरलं. पोरीनं आईचं नाक ओढलं, वेणी ओढली, हसली. आणि मग डावीकडं वळून पदरात हात घातला. हाताला बँडेज लागलं. तिनं ते चाचपलं, पुन्हा चाचपलं, मग तोंड वर करून आईकडं बघितलं. रडली नाही. नुसती बघत राहिली. तेवीस वर्षांच्या त्या पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. प्राणेश तोंड फिरवून बागेकडं बघत होता. थोड्या वेळानं मुलीनं तिच्या उजव्या खांद्यावर डोकं टाकलं आणि अंगठा तोंडात घातला.

“मागा, अक्का,” वसुमती म्हणाली. “आत्ताच मागा. पाच वर्षं वाट बघायची म्हणतात. तेवढ्यानं माझं होत नाही.”

“किती मागू?”

तिनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला. केस होतेच कुठं, नुसतं जावळ. “हिला आपल्या हातानं वेणी घालता येईल तेवढी,” ती म्हणाली. “जास्त मागितलं तर तो रागावेल का?”

रागावेल की नाही ते मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिनं ठेवू दिला, आणि त्या व्हरांड्यात उभी राहून मी देवाजवळ तिच्यासाठी तीस वर्षं मागितली. त्यातलं सध्या सातवं चालू आहे.